वाचक विचारतात : कमी नियमांचे रोल-प्लेइंग खेळ

प्रश्न : आम्ही पाच जण रविवारी रोल-प्लेइंग खेळायला जमतो : एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र होऊन काय करायचं ते सांगतात आणि जमलं की नाही ते फासा ठरवतो. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची तीनशेवर पानं वाचायला कुणालाच सवड नाही, म्हणून 'लेझर्स अँड फीलिंग्ज' हा अंतराळयानावर घडणारा एका पानाचा खेळ घेतला. पहिल्या दिवशी धमाल आली, तिसऱ्या बैठकीपर्यंत मात्र प्रत्येक गोष्टीवर वाद सुरू झाले. काय चुकतंय?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : खेळ चांगला निवडलात. जॉन हार्पर यांच्या या खेळात प्रत्येक पात्राला २ ते ५ मधला एकच आकडा असतो. डोक्याचं किंवा यंत्राचं काम असेल तर फाशावर त्याहून कमी पडावं लागतं, माणसं वळवायची असतील तर जास्त. नेमका तोच आकडा पडला तर खेळ चालवणाऱ्याला एक प्रश्न विचारायचा आणि त्याने खरं उत्तर द्यायचं. आधी तयारी केली असेल तर एक फासा वाढतो, त्या कामात तरबेज असाल तर आणखी एक. नवख्याला फक्त 'आता काय करशील?' एवढंच विचारावं लागतं, ही फार मोठी सोय आहे.

पण पानावर नसलेला प्रत्येक नियम खेळ चालवणाऱ्याला जागेवर ठरवावा लागतो. सगळ्यांना त्या जगाची सारखीच माहिती असेल तर त्याचा निकाल पटतो. अंतराळयानाच्या इंजिनाबद्दल मात्र पाच जणांच्या पाच कल्पना असतात, आणि वाद तिथेच पेटतो. जादूचंही तसंच.

म्हणून गोष्ट ओळखीच्या जागी आणा. सांगलीजवळच्या हरिपूरचं हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीखालचं कोठार घ्या : तोंड अरुंद, आत काळोख. बंद पेव उघडल्या उघडल्या आत उतरलं तर जीव गुदमरतो, हे सांगलीकराला सांगावं लागत नाही. कुणी म्हणालं, 'तोंड उघडं ठेवू, हवा जाऊ दे,' तर फासा न टाकताच धोका टळला. थेट उतरणाऱ्याने मात्र फासा टाकायचा. आता यात कृष्णेचं पाणी चढवा. कागदावर सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी ३८ फूट लिहा आणि कुणाचा फासा फसला की एक फूट वाढवा. पेवाचं तोंड उघडं ठेवून थांबलात तरी एक फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका, आणि तिथे पेव बुडालं असं धरा. मग 'अजून किती वेळ आहे?' यावर कुणी भांडत नाही, कारण पातळी सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते.

फसलं तर काय होईल, हे फासा हातात असतानाच सांगा. फासा पडल्यावर अट सांगितली की समोरच्याला ती लबाडी वाटते. 'काहीच झालं नाही' असा निकाल देऊ नका. दोर निसटतो, नाहीतर वरचा राखणदार जागा होतो. दिलेला निकाल वहीत लिहा आणि पुढच्या वेळी तोच लावा. वही दोन पानांपलीकडे गेली तर तुम्हाला जास्त नियमांचा खेळ हवा आहे, असं खुशाल समजा.

प्रश्न : अशा खेळावर वर्षभराची मोहीम, म्हणजे त्याच पात्रांची एकच लांब गोष्ट, चालेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : एका पानाच्या खेळावर नाही चालणार. पात्राला वाढायला जागाच नसते. ४ चा ५ केलात तर कमी पडण्याचे आकडे तीनाचे चार होतात, पण जास्त पडण्याचे दोनाचा एक. मिळवलं तेवढंच गमावलं.

दोन फाशांची बेरीज घेणारे खेळ अजूनही हलकेच आहेत, पण जास्त टिकतात. १० किंवा वर पडलं तर काम फत्ते, ७ ते ९ ला काम होतं पण किंमत मोजून, ६ किंवा खाली फसलं. ३६ शक्यतांत हे अनुक्रमे ६, १५ आणि १५ वेळा येतं. पात्राला बेरजेत +१ मिळाला की १०, १६, १०. सुधारणा हाताला जाणवते. +३ च्या पुढे मात्र जाऊ नका : तिथेच फसण्याच्या शक्यता ३६ पैकी ३ उरतात आणि धाकधूक संपते.

प्रश्न : आमच्यातला एक जण कायम गप्प बसतो.
– एक वाचक, मिरज

उत्तर : या खेळांत पाळी ठरलेली नसते, त्यामुळे बोलका माणूस सगळं ओढून नेतो. बसल्या क्रमाने फिरा, एका वेळी एकाची एकच कृती. गप्प बसणाऱ्याला मोकळं 'काय करतोस?' विचारू नका. 'दोर धरतोस की खाली उतरतोस?' असं विचारा.