पॅव्हलॉवचा कुत्रा, स्किनरचा उंदीर अन् आमची भुरी

तुम्ही विचारलंय की बी.एड.च्या पेपरला अभिजात अभिसंधान (एका गोष्टीमागून दुसरी येते हे शिकणं) आणि साधक अभिसंधान (आपल्या वागण्याच्या परिणामातून शिकणं) यातला फरक सोप्या भाषेत कसा लिहायचा. अन् खाली जाता जाता एक ओळ टाकलीय, 'तसं मार बसला की सगळेच शिकतात ना?' फरकाचा तक्ता तुमच्या गाईडमध्ये असेलच. मी लिहायला बसलो ते त्या खालच्या ओळीमुळे, कारण हे वाक्य मी आमच्या घरात वीस वर्षं ऐकतोय.

आम्ही खानदेशातल्या पारोळ्याकडचे. कापूस, थोडी दादर ज्वारी अन् गोठ्यात दोन-तीन म्हशी. त्यातली भुरी फक्त आईची. पहाटे आई भिजवलेल्या सरकी ढेपेचं घमेलं फरशीवरून ओढत आणायची, घर्रर्र असा आवाज व्हायचा, अन् तो आवाज गोठ्याच्या दारापाशी आला की भुरीच्या सडांतून थेंब टपकायला लागायचे. कासेला हात लागलेला नाही, पाण्याचा हबका नाही, पारडू सोडलेलं नाही, नुसता आवाज. हा झाला तुमचा पॅव्हलॉव, कुत्र्यांवर प्रयोग करणारा रशियन शास्त्रज्ञ, अन् हेच अभिजात अभिसंधान. खाण्याआधी घंटी वाजवत गेलं की कुत्रा पुढे नुसत्या घंटीला लाळ गाळतो, म्हणून घंटी-घंटी करतात सगळे, पण त्याने मेट्रोनोम (टकटक ताल देणारं यंत्र), बझर असं बरंच काही वापरलंय, अन् मूळ गडी पचनावर काम करणारा, १९०४ चं नोबेल त्याला त्यासाठीच मिळालं. कुत्री अन्न तोंडात पडायच्या आधीच, ते आणणारा माणूस दिसला की लाळ गाळायला लागतात, ही भानगड त्याला त्या कामात आडवी आली अन् तो तिच्याच मागे लागला.

म्हशीत हे प्रकरण कुत्र्यापेक्षा महागात पडतं. कासेत खाली तयार उतरलेलं दूध जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास असतं, बाकीचं सगळं वर बारीक पिशव्यांत अडकलेलं. मेंदूतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक सुटलं की तेव्हा ते खाली येतं, त्यालाच आपण पान्हा म्हणतो. जनावर घाबरलं की भीतीचं संप्रेरक अॅड्रेनॅलिन हा पान्हा अडवतं, मग तुम्ही सड कितीही ओढा. गावात म्हणतात 'म्हैस पान्हा चोरते'. चोरत कुठे, तिच्या हातातच नसतं ते.

तर मी डी.एड.च्या पहिल्या वर्षाला असताना एप्रिलमध्ये आई सुरतला गेली. ताईचं दुसरं बाळंतपण, तिकडे सासूबाई नव्हत्या, म्हणजे दीड महिना तरी नक्की. धारेचं काम जिभाऊंकडे आलं. जिभाऊ म्हणजे माझे थोरले भाऊ, नऊ वर्षांनी मोठे, वडील गेल्यावर घर त्यांनीच ओढलं, हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढचं वाचून त्यांना कोणी राक्षस समजायला नको. पहिल्या दिवशी भुरीने पाय झाडला, बादली लवंडली. जिभाऊंनी दाव्याची दुपट्टी करून चार-पाच सपके दिले. ती थरथरत उभी राहिली. जिभाऊ मला म्हणाले, 'पाह्य, उभी राह्यनी ना?'

राहिली, पण सकाळचं चार लिटर दूध आठवड्यात दीडवर आलं.

आता इथे बघा, गोठ्यात किती जण शिकत होते. एक, जिभाऊंना धारेला बसायच्या आधी तंबाखू मळून तळहातावर थाप मारायची सवय. चार दिवसांत असं झालं की ओट्यावर थाप वाजली की गोठ्यात भुरी शेपूट वर करून पातळ शेण टाकायची, अन् मग घमेलं ओढा नाहीतर डोक्यावर घ्या, थेंब नाही. हाही पॅव्हलॉवच, फक्त लाळेच्या जागी भीती. वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये एका तान्ह्या पोराला पांढरा उंदीर दाखवून मागे लोखंडी दांड्यावर हातोडा मारला होता अन् ते पोर नुसत्या उंदराला घाबरायला लागलं होतं, तोच प्रकार. दोन, लाथ मारली की माणूस बादली घेऊन मागे सरतो हे भुरीला कळलं, म्हणून लाथा वाढल्या. नको असलेली गोष्ट टळते म्हणून वर्तन वाढतं, हे साधक अभिसंधान, उंदरांवर प्रयोग करणाऱ्या अमेरिकन स्किनरवालं, अन् यालाच ऋण प्रबलन म्हणतात. शिक्षेला ऋण प्रबलन लिहू नका, अर्धा वर्ग तिथेच मार्क घालवतो. अन् तीन, जिभाऊ. मारलं की म्हैस मिनिटभर गप उभी राहते, म्हणजे मारणाऱ्याला लगेच बक्षीस. दूध कमी झालं ते नंतर कळतं, डेअरीत माप पडल्यावर. त्यामुळे मार खाणारा काय शिकला ते राहू द्या, मारणारा मात्र मारायला पक्का शिकतो. हे तिसरं पुस्तकात मला कोणी दाखवलं नव्हतं, ते मी त्या गोठ्यात पाहिलं.

मी तेव्हा नवीन नवीन वाचत होतो, जेवताना बोलून गेलो की जिभाऊ, तुमच्या मारानेच ती दूध देत नाही. जिभाऊ ताटावरून न उठता म्हणाले, 'पुस्तकं वाचीसन म्हैस दूध देस का?' वहिनी हसली. ते हसणं मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवसापासून धार मी धरली. आईसारखं घमेलं ओढलं, ढेप पुढे ठेवली, पारडू दोन मिनिटं लावलं अन् खाली बसलो. तीन दिवस मीही लाथाच खाल्ल्या. चौथ्या दिवशी थोडा पान्हा सुटला, मग हळूहळू, अकराव्या दिवशी साडेतीन लिटर. त्याच सकाळी धार अर्ध्यात असताना ओट्यावर तंबाखूची थाप वाजली अन् सडातली धार माझ्या बोटांत अशी बारीक होत गेली जशी टाकी रिकामी झाल्यावर नळाची होते. म्हणजे भीती पुसली गेली नव्हती, नुसती दबली होती. विलोपन, म्हणजे शिकलेली प्रतिक्रिया विझत जाणं, ते झाल्यावरही जुनी प्रतिक्रिया पुन्हा डोकं वर काढते असं तुम्ही लिहाल ना, ते हे.

मारावर स्किनरचाच एक प्रयोग आहे, १९३८ च्या पुस्तकातला. दांडा दाबून खाणं मिळवायला शिकलेल्या उंदरांचे दोन गट, मग दोन्ही गटांचं खाणं बंद केलं, त्यातल्या एका गटाला सुरुवातीला दांडा दाबला की पंजावर फटका. फटका खाल्लेले काही वेळ गप बसले, पण दोन दिवसांचा हिशोब केला तर दोन्ही गटांनी दांडा सारखाच दाबला होता. फटक्याने काम पुढे ढकललं, बस. हे मी जिभाऊंना तेव्हाच सांगायला पाहिजे होतं, पण मी ते वाचलं पुढच्या वर्षी.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर नंतरच्या प्रयोगांत असंही दिसलंय की शिक्षा लगेच, प्रत्येक वेळी अन् जबर असेल तर वर्तन थांबतं, तेव्हा 'शिक्षा काहीच करत नाही' असं पेपरात ठोकून देऊ नका. अन् आमची एक म्हैस म्हणजे काही प्रयोग नाही. तेव्हा आमच्याकडे ऊन बेक्कार तापलेलं, उन्हाने म्हशीचं दूध तसंही उतरतं, हिरवा चाराही संपलेला, त्यामुळे सगळं खापर दाव्यावर फोडता येत नाही. जिभाऊ हेच म्हणतात. पण मग त्याच उन्हात साडेतीनवर कसं आलं याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

अन् कोणी पान्ह्याच्या इंजेक्शनचा सल्ला द्यायला खाली येईल, त्याला आधीच सांगतो, कायद्याने मनाई आहे, अन् मग म्हैस सुई बघूनच पान्हवायला शिकते.

डी.एड. करून मी मास्तर झालो नाही, आज माझ्याकडे नऊ म्हशी आहेत. जिभाऊ धुळ्याला असतात, नातवाला पाढे शिकवतात. मागच्या दिवाळीला तो पोरगा सात साते एकोणपन्नास म्हणताना आजोबांच्या हाताकडे बघत होता अन् एक हात आपल्या कानावर ठेवून होता, पाढा मात्र बरोबर म्हटला. जिभाऊ माझ्याकडे बघून म्हणाले, 'पाह्य.' ते इथे काही वाचत नाहीत, पण त्यांची सून वाचते.

परीक्षेला लाळ अन् दांडाच लिहा, भुरीवर मार्क मिळणार नाहीत.