प्रीमियर ११८ एनईचे बंद झालेले पार्ट खानदेशात कसे मिळवावेत?

आपण विचारले आहे की चाळीसगावला घरी बरीच वर्षे उभी असलेली वडिलांची प्रीमियर ११८ एनई पुन्हा चालती करायची आहे, पण पाण्याचा पंप गळतो, ब्रेकचे पेडल तळाला जाते, आणि गॅरेजवाले ‘पार्ट बंद झाले, भंगारात द्या’ एवढेच सांगतात. जळगावात मी याच मॉडेलची गाडी अजून वापरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

दुकानात गाडीचे नाव सांगून पार्ट मागितला, तर ‘नाही’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी जुना पार्ट काढून, स्वच्छ करून, त्यावरचे आकडे वाचावेत. बेअरिंगच्या कड्यावर ६२०५ असे कोरलेले असेल, तर त्याचे आतील माप २५, बाहेरील ५२ आणि जाडी १५ मिलिमीटर असते, मग ते कोणत्याही यंत्रातले असो. ऑइल सीलवरही (तेल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्यावरही) बहुधा अशीच तीन मापे छापलेली असतात. ही मापे हातात असली की धुळे-जळगावच्या बेअरिंगच्या दुकानांत बरेचसे काम होते आणि तिथे गाडीचे नाव कोणी विचारतही नाही.

आपल्या गाडीच्या बाबतीत आणखी एक सोय आहे. तिचा सांगाडा फियाट १२४ चा असला तरी इंजिन निस्सानचे ए१२, म्हणजे ११७१ सीसीचे आहे, आणि त्याच मालिकेचे इंजिन १९७० पासूनच्या डॅटसन १२०० मध्ये होते. ती गाडी परदेशात हौशी लोक आजही जपतात, त्यामुळे गॅस्केट, टायमिंग चेन, पिस्टन रिंग असे भाग बाहेरून मागवता येतात. मात्र सीमाशुल्क धरून किंमत काढावी, आणि आपल्या इंजिनाचे फोटो व मापे विक्रेत्याला पाठवून खात्री झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाची बॉडी फुटलेली नसेल तर नवा पंप शोधण्याची गरजच नाही. त्यातले शाफ्टसह येणारे बेअरिंग आणि सील बदलून पंप पुन्हा उभा करता येतो, आणि हे काम करणारे कसबी हात आपल्याकडे भरपूर आहेत, कारण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पंपदुरुस्ती हा नित्याचा धंदा आहे. फक्त सील विहिरीच्या पंपाचे बसवू देऊ नये. ते थंड पाण्यासाठी असते आणि इंजिनातले पाणी उकळीच्या जवळ पोहोचते. वाहनाच्या पंपाचेच सील, शाफ्टच्या मापाने, मागावे.

ब्रेकच्या बाबतीत मात्र घाई नको. मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्यात, नुसते नवे किट (रबरी भागांचा संच) टाकून पेडल काही दिवस वर येते आणि पुन्हा बसते, कारण ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि उभ्या गाडीत सिलिंडरची आतली भिंत गंजून खड्डे पडतात. त्या खड्ड्यांवर नवे रबर टिकत नाही. भिंत बोटाला खडबडीत लागली तर चांगल्या टर्नरकडून स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (आतून बसणारी नळी) बसवून मूळ मापाला आणावी आणि मगच किट टाकावे. हे भाग रॉकेलने किंवा पेट्रोलने धुऊ नयेत, कारण त्यांच्या संपर्काने ब्रेकचे रबर फुगते. स्टीअरिंगचे बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंड, म्हणजे चाके वळवणारे सांधे, मात्र लेथवर घडवून किंवा वेल्डिंग करून मुळीच वापरू नयेत. तयार मिळेपर्यंत गाडी उभीच राहू द्यावी.

‘कंपनीचा जुना, न वापरलेला माल’ म्हणून दुकानदार जे मोठ्या अभिमानाने दाखवतात, त्यातले धातूचे भाग जरूर घ्यावेत, पण रबराचे घेऊ नयेत. रबर वापरले नाही तरी पडून पडून कडक होते, आणि मे महिन्यात ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या आपल्या उन्हात मालगोदामात त्याचे काय होत असेल हे सांगायला नको. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. गाडीतले जुने फ्युएल पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातला रबरी पडदा त्यासाठी बनलेले नाहीत, म्हणून ते गळत नसले तरी आधीच बदलून इथेनॉलला टिकणारे टाकावेत.

काचा, दिव्यांची भिंगे, दरवाजाची कुलपे यांसाठी मात्र मापाची युक्ती चालत नाही. ती मुंबईत कुर्ल्याच्या किंवा पुण्यात नाना पेठेच्या बाजारात शोधावी लागतात. जमल्यास मोडीत निघालेली एखादी अख्खी ११८ एनईच घेऊन ठेवणे मला अधिक स्वस्त वाटते. तसे केल्यास पावती आणि नोंदणीची कागदपत्रे मागून घ्यावीत. पुढे तिचे इंजिन आपल्या गाडीत बसवायची वेळ आली, तर नवा इंजिन क्रमांक आरटीओत नोंदवावा लागेल आणि तेव्हा तीच कागदे पुढे करावी लागतील.