ड्रॉवर उघडला की भोपळ्या पलंगाखाली

प्रश्न: ताई, आमच्याकडे तीन वर्षांचा केशरी पर्शियन बोका आहे, नाव भोपळ्या. लहानपणी मस्त ब्रश करून घ्यायचा, मग आमचं घर शिफ्ट झालं आणि दोन-तीन महिने कोणाला वेळच मिळाला नाही. आता ब्रशचा ड्रॉवर उघडल्याच्या नुसत्या आवाजाने पलंगाखाली पळतो आणि ओढून काढला तर चावतो. काखेत आणि मागच्या मांड्यांना जटा झाल्यात. एका ग्रूमरकडे आंघोळ घालून आणली तर जटा अजूनच घट्ट झाल्या. सासूबाई म्हणतात खोबरेल तेल लावून सोडव, मिस्टर म्हणतात कात्रीने काप. काय करू? (डोंबिवलीहून एक वाचक)

उत्तर: पहिलं काम म्हणजे कात्री मिस्टरांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवून द्या. मांजराची कातडी खूप पातळ असते, जटा जरा ओढली की कातडीही तिच्याबरोबर वर उचलली जाते, आणि केसांच्या गर्दीत ती दिसतच नाही. हा शहाणपणा मी स्वतः करून बसलेय, आमच्या चिंगीला काखेत तीन टाके पडले होते आणि नंतर आठवडाभर तिने माझ्याकडे पाठ करून जेवण केलं, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

आंघोळीने जटा घट्ट का झाल्या तर गुंता न सोडवता पाणी लागलं की तो आवळतो आणि वाळेपर्यंत त्याची घोंगडी होते. आधी गुंता सोडवायचा, मग आंघोळ, हा क्रम कधीच उलटा करायचा नाही. खोबरेल तेल काही विष नाही, सासूबाईंचा हेतू चांगलाच आहे, पण हा सगळं चाटणार, पोट बिघडणार, आणि तेलकट केसांवर धूळ बसली की नवीन गुंता. टी ट्री ऑईलवाले स्प्रे मात्र घरात आणूच नका, ते मांजरांना खरंच विषारी आहे.

त्याऐवजी स्वयंपाकघरातलं साधं कॉर्नफ्लोअर चिमूटभर घ्या, जटेत बोटांनी चोळा, आणि टोकाकडून थोडं थोडं सुटं करत या. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी केस मुळाशी घट्ट धरून ठेवायचे, म्हणजे ओढ तुमच्या बोटांवर येते, त्याच्या कातडीवर नाही. खरं सांगू का, भोपळ्याचं ब्रशशी भांडण नाहीये, त्या ओढीशी आहे. तुमचे केस गुंतलेले असताना कोणी वरून खाली फणी खेचली तर तुम्हीही चावाल. एका दिवशी एकच जटा, तीही अर्धी सुटली तरी चालेल. जी अगदी कातडीला चिकटलीये तिच्या वाटेला जाऊ नका, ती व्हेटकडे मशिनने काढून घ्या. भूल द्यावी लागली तर पर्शियनचं नाक चपटं असल्याने श्वासाचा धोका जास्त असतो, म्हणून मिनतवाऱ्या करून का होईना, भुलीशिवाय जमतं का ते आधी विचारा. जटेखाली लाल, ओलसर किंवा वास येणारं काही दिसलं तर वाट बघत बसू नका. पावसाळ्यात बुरशी लगेच धरते आणि गजकर्ण मांजराकडून आपल्यालाही होतं.

आता सवयीचं. जुना ब्रश बाद करा, रुंद दातांचा स्टीलचा कंगवा घ्या. टोकदार तारांचा स्लिकर घेणारच असाल तर आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला फिरवून बघा, तुम्हाला टोचला तर त्यालाही टोचणारच. पहिले तीन-चार दिवस कंगवा नुसता त्याच्या ताटलीशेजारी पडू दे. मग तो पेंगत असेल तेव्हा गाल आणि हनुवटी, तिथे बऱ्याच मांजरांना आवडतंच. अर्धा मिनिट, लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा, मीठ-कांदा-लसूण काही नाही, आणि सुट्टी. शेपटीचं टोक फटकायला लागलं, पाठीची कातडी थरथरली किंवा कान मागे वळले की तिथेच थांबायचं, तो उठून जायच्या आधी. पोट आणि मांड्या सगळ्यात शेवटी, त्याला कदाचित महिनाही लागेल. कंबरेला हात लावला की दरवेळी ओरडत असेल तर मात्र हे लाड नाहीत, दुखतंय, दाखवून आणा.

पलंगाखालून ओढून काढणं आजपासून बंद, ती त्याची हक्काची जागा. आणि तो ड्रॉवर आहे ना, त्यातला ब्रश काढून तिथे त्याच्या ट्रीट्स ठेवा आणि दिवसातून दोनदा उघडा.