कडी वाजली की उठायचं

"मॅडम, मला नुसतं बसता येत नाही."

समुपदेशनाच्या कामात हे वाक्य आजवर किती जणांच्या तोंडून ऐकलं, त्याची मोजदाद नाही. शब्द थोडे इकडचे तिकडे होतात. कुणी म्हणतं, सुट्टीच्या दिवशी माझी जास्त चिडचिड होते. कुणी म्हणतं, आडवं झालं की डोक्यात कामांची यादी सुरू होते. निवृत्त झालेले एक गृहस्थ म्हणाले होते, "दुपार अंगावर येते." आणि बहुतेक जण शेवटी एकच मागतात: वेळेचं नियोजन शिकवा. मी शिकवत नाही. या मंडळींना ते माझ्याहून चांगलं येतं. पाच मिनिटांची फट दिसली की तिच्यात एखादं काम बसवलंच म्हणून समजा. वेळ मिळाल्यावर त्यांचं काय होतं, तिथे खरं दुखणं असतं.

अशाच एका बाईंचा हा अनुभव. त्यांनी लिहायला परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि पाच महिन्यांच्या भेटी इथे चार-दोन प्रसंगांत आवरत्या घेतल्या आहेत.

वय ४६. एका कार्यालयात हिशेब विभागाच्या प्रमुख. नवरा, कॉलेजात जाणारा मुलगा. पहिल्या भेटीत त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या. पर्स मांडीवर, किल्ल्यांचा जुडगा मुठीत. पाऊण तास मूठ उघडली नाही. निघताना तळहातावर किल्लीचे दात उमटलेले मला दिसले.

त्यांच्या त्या बसण्यावरून मला एक जुनी हकिकत आठवली. १९५०च्या दशकात अमेरिकेत मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन हे दोन हृदयरोगतज्ज्ञ एकत्र दवाखाना चालवत. तिथल्या खुर्च्यांचं कापड बदलायला आलेल्या कारागिराच्या लक्षात आलं, की खुर्च्या पुढच्या कडेलाच झिजल्या आहेत. पाठीचा भाग जवळजवळ नवाच आहे. पेशंट टेकून बसतच नव्हते. त्या निरीक्षणाचा अर्थ डॉक्टरांना पुढे लागला, आणि १९५९मध्ये त्यांनी सतत घाईत असणाऱ्या, घड्याळाशी झुंजणाऱ्या स्वभावाला 'टाइप ए' म्हटलं. अशा स्वभावाचा हृदयरोगाशी त्यांनी जोडलेला थेट संबंध नंतरच्या संशोधनात तितकासा टिकला नाही. पण समोरच्या माणसाची पाठ खुर्चीला लागली आहे का, हे पाहायची सवय मला त्या हकिकतीने लावली.

पहिल्याच भेटीत त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. अस्वस्थता, धडधड, झोप न लागणं यामागे कधी थायरॉइड वाढलेला असतो. तो तपासल्याशिवाय मनाच्या गप्पा मारत बसणं बरोबर नाही. रिपोर्ट नॉर्मल आले. मग मी त्यांना शरीर सैल सोडण्याचा साधा व्यायाम शिकवला: पायांच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक स्नायू ताणायचा आणि सोडायचा. रोज पंधरा मिनिटं.

पुढच्या आठवड्यात त्या वही घेऊन आल्या. त्यात तक्ता आखला होता. तारीख, वेळ, मिनिटं, आणि शेवटच्या रकान्यात बरोबरच्या खुणा. सातही दिवसांच्या.

"कसं वाटलं?"

"केलं की."

"ते दिसतंय. करताना कसं वाटलं?"

त्या जरा थांबल्या. "भीती वाटली. सातव्या-आठव्या मिनिटाला छातीत धडधडायला लागायचं. काहीतरी राहून गेलंय असं वाटायचं. पण तुम्ही सांगितलं होतं म्हणून पूर्ण केलं."

हे नवं नाही. १९८३मध्ये हाइड आणि बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की काही माणसांची चिंता शरीर सैल सोडताना उलट वाढते. ज्यांनी वर्षानुवर्षं ताण हाच आधार मानला, त्यांना तो सुटताना पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं. मला हे ठाऊक होतं, तरी मी घाईने व्यायाम दिला होता. त्यांच्या यादीत मी एक काम वाढवून ठेवलं होतं. तो तक्ता आम्ही तिथेच बंद केला.

मग मी विचारलं, "सगळी कामं संपली आणि तुम्ही निवांत बसलात, असा शेवटचा दिवस कोणता?"

मला वाटलं होतं, त्या एखादी सहल सांगतील. त्या खूप वेळ गप्प राहिल्या. मग खाली बघून म्हणाल्या, "अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा. तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होते." आणि आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "मॅडम, कुणाला सांगितलं नाहीये, पण मला तिथे बरं वाटलं होतं. आता कधीकधी मनात येतं, पुन्हा असं काहीतरी लहानसं व्हावं."

ही कबुली मी अनेकांकडून ऐकली आहे, आणि प्रत्येक वेळी ती अशीच, खालच्या आवाजात येते. आजारपणाची आस लागणं म्हणजे वेडेपणा नव्हे. बसायचं असेल तर सबळ कारण दाखवावं लागतं, आणि शरीरावरचे टाके हे त्यांच्या लेखी एक सबळ कारण होतं. दुसरं कारण म्हणजे कामं संपणं. पण ती कुणाची संपली आहेत?

आता प्रश्न असा, की हे कारण दाखवायचं कुणाला? नवरा कधी बोलत नव्हता. मुलाचं लक्ष नव्हतं. वरिष्ठ घरी येत नव्हते. मी म्हटलं, "या आठवड्यात काहीच करू नका. फक्त बघा, की बसलेल्या असताना तुम्ही नेमक्या कधी उठता."

पुढच्या भेटीत त्या आत आल्या त्या बोलतच. "किल्ली! दारात किल्ली फिरली की उठते. मी सोफ्यावर असते, ह्यांची किल्ली कुलपात फिरते, आणि ते आत येईपर्यंत माझ्या हातात काहीतरी असतं. परवा घडी घातलेला टॉवेल मोडून पुन्हा घडी घालत होते. घडी घातलेला, मॅडम!"

"किल्लीच्या आधी कशाचा आवाज होता?"

हा प्रश्न मी ठरवून विचारला नव्हता. पण त्यांचा चेहरा बदलला. लहानपणीच्या घराला लोखंडी फाटक होतं. संध्याकाळी त्याची कडी वाजली की आई, त्या आणि धाकटी बहीण, तिघीही उठून उभ्या राहायच्या. जे हाताला लागेल ते घ्यायचं: पुस्तक, झाडू, विणकाम. वडील मारकुटे नव्हते. फक्त दारात उभं राहून एकदा सगळीकडे नजर फिरवायचे आणि कुणी रिकामं दिसलं तर म्हणायचे, "आज काय काम नाही वाटतं?" एवढंच.

"बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली," त्या म्हणाल्या. आणि मूठ उघडून किल्ल्यांकडे बघत राहिल्या.

इथे अनेक समुपदेशक वडिलांपाशी मुक्काम करतील. मी करत नाही. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचारांची. १९५५पासून त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ पद्धत मी इतकी वर्षं वापरते आहे आणि तिने मला क्वचितच निराश केलं आहे. एलिस यांचं म्हणणं असं, की भूतकाळाने वाक्य हातात दिलं असेल, पण आज ते जिवंत आहे ते आपण रोज नव्याने उच्चारतो म्हणून. मी विचारलं, "बाबा अकरा वर्षं काही बोललेले नाहीत. मग 'आज काय काम नाही वाटतं?' हे आता कोण म्हणतं?"

"मीच," त्या म्हणाल्या. आणि मग, जरा वेळाने, "मुलालाही म्हणते."

त्या 'मुलालाही'पाशी त्या रडल्या. मी काही बोलले नाही.

नंतर आम्ही ते वाक्य उलगडून पाहिलं. रिकामं दिसणं म्हणजे निकामी असणं, आणि निकामी माणसाला घरात जागा नाही, असा त्याचा पुरा अर्थ निघाला. आपली भाषाही या समजुतीला खतपाणी घालते. रिकामटेकडी, लोळत पडलीय, हातावर हात ठेवून बसलीय. थांबलेल्या माणसासाठी आपल्याकडे मायेचे शब्द कमी आणि शिव्याच जास्त आहेत. काम आवडणं ही चांगली गोष्ट आहे. पण काम केलं तरच मी चांगली, हा 'तरच' माणसाला टेकू देत नाही. मी त्यांना विचारलं, "ऑपरेशननंतरच्या त्या तीन दिवसांत तुम्ही कुणाच्याच उपयोगी नव्हता. तेव्हा तुमची किंमत कमी झाली होती का?" त्या म्हणाल्या, "नाही. पण तेव्हा कारण होतं." "आणि कारण नसतं तर?" याचं उत्तर यायला तीन भेटी लागल्या.

उत्तर नुसत्या बोलण्यातून येत नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये एकोणीस वर्षांच्या एलिस यांनी केलेला प्रयोग मी त्यांना सांगितला. मुलींशी बोलायची त्यांना विलक्षण भीती. म्हणून महिनाभर तिथे जाऊन ते बाकावर एकट्या बसलेल्या १३० जणींच्या शेजारी बसले. ३० जणी उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी ते बोलले. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं, तीही आली नाही. पण भीती गेली, कारण आभाळ कोसळलं नाही. बाई त्या दिवशी माझ्यासमोर पहिल्यांदा हसल्या.

त्यांचा बाक म्हणजे घरातला सोफा. ठरलं ते एवढंच: किल्ली फिरली तरी उठायचं नाही. हातात काही नको. मोबाइलही नको. मोबाइल चाळणं म्हणजे विश्रांती असं अनेकांना वाटतं, पण तोही 'हातात काहीतरी'च असतो. बसल्यावर छान वाटेल अशी अपेक्षा ठेवू नका, हे मी बजावून सांगितलं. आधी वाईटच वाटतं. अपराधी वाटतं, पोटात गोळा येतो, उठावंसं वाटतं. ती लाट चढते आणि न उठता थांबलं तर ओसरते. वाटलंच तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ घ्या, हृदयाची गती त्याने खाली येते. पण मिनिटं मोजू नका, नोंद ठेवू नका.

त्यांनी सांगितलेला प्रसंग त्यांच्याच शब्दांत देते. "किल्ली फिरली. मी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. हे आत आले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, 'बरं वाटत नाहीये का?' मॅडम, मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. सोपं होतं. पण मी म्हटलं, 'बरी आहे. बसलेय.' ते 'बरं' म्हणाले आणि येऊन शेजारी बसले. तेही नुसतेच. बावीस वर्षांत असे आम्ही कधी बसलोच नव्हतो."

इतक्या वर्षांच्या कामात मला जी मोजकी वाक्यं पाठ झाली आहेत, त्यांत 'बरी आहे. बसलेय' हे एक आहे. आता मी ते इतरांनाही देते. आजार नाही, कामं संपलेली नाहीत, तरी बसलेय. ते मोठ्याने, कुणाच्या तरी देखत म्हणायचं. स्पष्टीकरण जोडायचं नाही. 'आज खूप दमले म्हणून' असंही नाही, तेही कारण दाखवणंच.

एक सांगायला हवं. प्रत्येकाची धावपळ मनातून आलेली नसते. घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, दोन नोकऱ्या आहेत, लहान मूल आहे आणि मदतीला कुणी नाही, अशा व्यक्तीला 'विचार बदला' म्हणणं अन्याय आहे. तिला हात हवेत, वाटणी हवी. या बाईंच्या घरीही वाटणीचा भाग होताच. मुलगा कपडे वाळत घालायचा, त्या मागून जाऊन सारखे करायच्या. ते बंद करायला त्यांना सोफ्यापेक्षा जास्त दिवस लागले. आणि ज्यांना कमी झोप होऊनही दिवसचे दिवस थकवाच येत नाही, विचार आणि बोलणं धावत सुटतं, त्यांनी समुपदेशकाकडे येण्याआधी मनोविकारतज्ज्ञांना भेटावं. ती वेगळी गोष्ट असू शकते.

त्या पूर्ण बदलल्या, असं मी म्हणणार नाही. महिनाअखेरीला हिशेब तुंबले की अजूनही त्या रविवारी कपाटं आवरतात. मुलाला मात्र 'काय काम नाही वाटतं' म्हणणं थांबलं आहे. एकदा ओठांवर आलं होतं, तेवढ्यात त्या त्याच्या शेजारी जाऊन बसल्या म्हणे.

शेवटच्या भेटीत आमचं बोलणं लवकर संपलं. पर्स शेजारच्या खुर्चीवर होती, किल्ल्या पर्समध्ये. मला वाटलं, त्या निघतील. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"अजून दहा मिनिटं आहेत ना?"

"आहेत."

"मग बसते," त्या म्हणाल्या, आणि मागे टेकल्या.