बॅग आली नाही, तर विमानतळ सोडू नका

पहिल्यांदाच परदेशी निघालात, शिवाय मध्ये विमान बदलायचंय, म्हणून सांगते. बॅगा चोरीला जातात त्यापेक्षा मागे राहतात जास्त, आणि त्याही बऱ्याचदा विमान बदलतानाच. तुम्ही धावत पुढचं विमान गाठता, बॅगेला तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून दोन विमानांत जेमतेम तासाभराचं अंतर असलेलं तिकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. बॅगेवरचे आधीच्या प्रवासांचे टॅग आणि बारकोडचे बारके स्टिकरही खरवडून काढा. मशीन चुकून तेच वाचू शकतं.

बॅग आलीच नाही, तर बाहेर पडण्याआधी एअरलाइनच्या काउंटरवर पीआयआर, म्हणजे बॅग न मिळाल्याची लेखी तक्रार, नोंदवा. बॅग देताना मिळालेली टॅगची पावती तिथे लागते, ती जपा. मग बॅगेचं वर्णन वर्ल्डट्रेसर या प्रणालीत जातं आणि ठिकठिकाणी सापडलेल्या बॅगांशी ताडून पाहिलं जातं. टॅगच तुटला असेल तर बॅग उघडून आतल्या वस्तूंवरून मालक शोधतात. त्यामुळे नाव-फोनचा कागद आतही हवाच, आणि बॅग भरल्यावर एक फोटो काढून ठेवा.

बॅग येईपर्यंत मधल्या दिवसांत घेतलेल्या कपड्यांच्या पावत्या सांभाळा, भरपाई मागताना त्या लागतात. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासासाठीच्या १९९९च्या माँट्रियल करारानुसार २१ दिवसांत बॅग आली नाही, तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. फुटून आली तर लेखी तक्रार ७ दिवसांच्या आत.

मालक सापडतच नाही अशा बॅगांचं काय होतं? अमेरिकेत अलाबामातल्या स्कॉट्सबरो गावी १९७० पासून एक दुकान त्या विकत घेऊन आतलं सामान विकतं. औषधं, दागिने आणि मूळ प्रमाणपत्रं मात्र हातातल्या बॅगेतच ठेवा.