बाराशे ग्रह आणि एक खानावळ

प्रश्न: मी अंतराळात घडणारी कादंबरी लिहितो आहे. माणसं बाराशे ग्रहांवर पांगली आहेत. नायकाची धाकटी बहीण लहानपणी हरवते आणि पुढे एका आडबाजूच्या ग्रहावर, खानावळीत, शेजारच्याच टेबलावर भेटते. आमच्या वाचनकट्ट्यावर एकजण म्हणाला, "कुंभमेळ्यात हरवलेले भाऊबहीणच की हे, फक्त मेळा आकाशात नेलास." प्रसंग काढून टाकू का?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: काढू नका. खानावळ हलवा.

तुमचं पत्र आठ पानी होतं, इथे कापावं लागलं. त्यात ग्रहांची नावं पुष्कळ आहेत, पण एका ग्रहावरून दुसऱ्यावर माणसं कुठून कशी जातात याबद्दल अक्षर नाही. जग केवढंही असो, वाटा मोजक्या असल्या की गाठ पडतेच. एप्रिल १८०२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याजवळ इंग्रज मॅथ्यू फ्लिंडर्स आणि फ्रेंच निकोला बोदँ यांची जहाजं समोरासमोर आली. दोन्ही देशांचं युद्ध चालू आहे अशा समजुतीने फ्लिंडर्स तोफा सज्ज करूनच सामोरा गेला. कादंबरीत लिहिलंत तर लोक थाप म्हणतील. पण दोघंही त्याच किनाऱ्याचा नकाशा काढायला निघालेले, एक पश्चिमेकडून, एक पूर्वेकडून. किनारा धरून चाललेल्यांना समुद्राच्या अफाटपणाचं काय? त्या जागेला फ्लिंडर्सने 'एन्काउंटर बे' नाव दिलं.

आपल्याकडचंच बघा. मीटरगेजच्या काळात इंदूरहून मुंबईकडे निघालेली कितीतरी मंडळी महू, पाताळपाणी, कालाकुंड करत खंडव्याला उतरायची आणि मोठ्या गाडीची वाट बघत बसायची. मे महिन्यात त्या फलाटावर ओळखीचं कुणी भेटलं नाही तरच नवल. माझ्या आत्याने तिथे होल्डॉलवर बसल्या बसल्या शेजारच्या बाईंशी गप्पा मारून चुलतबहिणीचं लग्न जमवलं. त्या बाई राहायच्या कुठे, तर रामबागेत, आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे! इंदुरात कधी तोंड पाहिलं नव्हतं एकमेकींचं.

तुमच्या बाराशे ग्रहांना असा एक खंडवा द्या. यानं इंधन कुठे भरतात? बहीण मालवाहू यानावर दुरुस्तीचं काम करते असं तुम्हीच लिहिलंय, मग तिची पावलं त्या तळाला लागणारच. हे मात्र वाचकाला आधी, पाचव्या-सहाव्या प्रकरणात कळू द्या, इंधनाच्या दरावरून कुणाचं तरी भांडण चाललेलं असताना. भेटीच्याच पानावर समजावून सांगायला बसलात, तर कट्ट्यावरचे ते गृहस्थ पुन्हा हसतील.

आणि दोघांपैकी एकजण शोधत असेल तर फारच छान. महाभारतातली दमयंती नळाची नुसती वाट बघत बसत नाही. ती ब्राह्मणांना गावोगाव पाठवते आणि सभासभांतून एकच बोल म्हणायला लावते: अर्धं वस्त्र कापून घेऊन, झोपलेल्या बायकोला रानात टाकून कुठे गेलास रे जुगाऱ्या? अयोध्येत ऋतुपर्णाच्या पदरचा कुरूप सारथी बाहुक तेवढा त्यावर उत्तर देतो. ज्याने एकाच माणसाच्या पोटात कालवेल असा बोल बाईने देशभर फिरवला. तुमच्या भावंडांचंही लहानपणचं काहीतरी असेलच, फक्त दोघांना ठाऊक असलेलं. लॉकेट नको, कृपा करा.

प्रश्न: एका कथेत किती योगायोग चालतात?
– एक वाचक, महू

उत्तर: माझ्या मते एक. शाकुंतलात शकुंतलेची पाण्यात पडलेली अंगठी मासा गिळतो, तेवढी सूट कालिदास घेतो. पुढे सगळं पोलिसी काम. राजाचं नाव कोरलेली अंगठी विकायला निघालेला कोळी पकडला जातो, शिपाई त्याला दरडावतात, राजाचा मेहुणा असलेला कोतवाल कच्च्या मांसाच्या वासावरून हा कोळीच याची खात्री करून घेतो. राजाकडून बक्षीस येतं तेव्हा कोळी त्यातलं अर्धं शिपायांना देऊन टाकतो, आणि मघाशी त्याला मारायला हात शिवशिवत असलेले ते सगळे त्याच्याबरोबर दारूच्या गुत्त्यावर जातात. माशाची चौकशी कुणीच करत नाही.