हरणांसाठी ओट पेरताना बियाणे कसे पारखावे?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. घरामागच्या वीस गुंठे मोकळ्या जमिनीत हरणांना चरण्यासाठी ओट पेरायचे त्याने ठरवले आहे. आम्ही उभयता जुलैअखेर तिकडे जात आहोत. वाशीच्या दाणा मार्केटमधून पंधरा-वीस किलो ओट बरोबर नेला तर चालेल का? नसल्यास तिकडे बियाणे घेताना काय पाहावे? ता. क. आमच्या मागेच येऊरचे जंगल आहे. तिथल्या हरणांसाठीही असे काही करता येईल का?
– एक वाचक, वाघबीळ, ठाणे

उत्तर : वाशीचा ओट नेण्याचा विचार कृपया सोडून द्यावा. किराणा मालातला ओट बहुधा वाफवून चपटा केलेला असतो; त्यातला अंकुर मेलेला असल्यामुळे तो खिरीला उत्तम असला तरी पेरणीला निरुपयोगी ठरतो. टरफलासकट अख्खा दाणा मिळाला, तरी वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय पेरणीचे बी अमेरिकेत नेता येत नाही आणि ते न सांगता नेल्यास जप्तीबरोबर दंडही होऊ शकतो.

तिकडच्या दुकानात घोड्यांच्या खाद्याचा ओट बियाण्यापेक्षा स्वस्त मिळतो आणि पुष्कळ लोक तोच पेरतात. तो उगवत नाही असे नाही, पण किती उगवेल आणि त्याबरोबर कोणते तण शेतात येईल याची हमी कोणीच देत नाही. म्हणून पोत्यावरच्या हरणाच्या चित्राकडे दुर्लक्ष करून शिवणीला लावलेली चिठ्ठी आधी वाचावी. शुद्धता, उगवणशक्ती, तणाच्या बियांचे प्रमाण आणि चाचणीची तारीख या चारही गोष्टी तीवर असतात. उगवण 85 टक्क्यांहून कमी असेल किंवा चाचणी मागच्या हंगामातली असेल, तर माझ्या मते दुसरे पोते मागावे. ‘हिवाळी ओट’ म्हणून जास्त पैसे मोजू नयेत. तो दक्षिणेकडील राज्यांत टिकतो, विस्कॉन्सिनच्या थंडीत मात्र साधा आणि हिवाळी असे दोन्ही प्रकार मरतात. त्यापेक्षा उशिरा निसवणारा (म्हणजे कणीस उशिरा बाहेर काढणारा), पानाळ, चाऱ्याचा वाण निवडावा, कारण हरणांना हवा असतो तो कोवळा पाला.

शंका असल्यास आपल्याकडची गोणपाटाची चाचणी तिकडेही तितकीच चालते. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडावेत, गुंडाळी करून सावलीत ठेवावी, ओल टिकवावी आणि आठवड्याने कोंब मोजावेत. फोकून (हाताने विखरून) पेरताना एकरी सुमारे 45 किलो बी लागते, म्हणजे वीस गुंठ्यांना तिकडचे पन्नास पौंडांचे एक पोते पुरते. 85 ऐवजी 70च कोंब आले, तर त्याच जागेला साधारण 27 किलो बी धरावे.

पेरणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, पावसाच्या तोंडावर करावी आणि बी इंच-सव्वा इंच मातीआड जाईल असे पाहावे. कडाक्याच्या थंडीत ओट करपतो, म्हणून त्यात थोडी राय मिसळली तर बर्फ वितळल्यावर पुन्हा हिरवा चारा मिळतो. इथे एक घोटाळा हमखास होतो: ‘राय’ हे धान्य आहे आणि ‘रायग्रास’ हे निराळेच गवत आहे. दुकानदाराला धान्याची राय हवी असे स्पष्ट सांगावे. गुलाबी किंवा लाल रंगाचे बी औषध लावलेले असते. पेरून उरलेले तसले बी हरणांपुढे टाकू नये. तसेही हरणांच्या रोगामुळे विस्कॉन्सिनच्या अनेक काउंट्यांत दाणे टाकण्यास बंदी आहे. उभे पीक त्या बंदीत मोडत नाही, तरी स्थानिक नियम चिरंजीवांनी एकदा पाहून घ्यावेत.

येऊरसाठी मात्र उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ते जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असून तिथल्या चितळांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. तिथे बाहेरचे बी पेरणे किंवा खाद्य ठेवणे योग्य नाही. खाद्याच्या ओढीने चितळे वस्तीकडे सरकली, तर त्यांच्या मागोमाग बिबट्याही येईल. आपली कुठे शेळ्या-गायींची जमीन असेल, तर नोव्हेंबरात तिथे ओट जरूर पेरावा. त्यासाठी राहुरी कृषी विद्यापीठाचा ‘फुले हरिता’ हा चाऱ्याचा वाण विचारावा.